शेवटच्या थांब्याची वेळ

शहराच्या बस खात्यात तिसऱ्या मजल्यावर वेळापत्रक विभाग होता, आणि तिथे खिडकीजवळच्या टेबलाशी ती बसायची. ऑफिसात लहानथोर सगळे तिला ताई म्हणत. काम ऐकायला अगदीच कंटाळवाणं. कुठली बस कुठल्या थांब्यावर किती वाजता येते, याच्या फाइली दर सोमवारी वेगवेगळ्या आगारांतून यायच्या. त्या एकत्र करायच्या, तपासणीच्या प्रोग्राममधून काढायच्या, चुका निस्तरायच्या आणि पुढे सोडायच्या. मग तेच आकडे लोकांच्या मोबाइलवर आणि थांब्यांवरच्या पाट्यांवर झळकायचे. प्रोग्राम चुका दोन रंगांत दाखवी. पिवळी ओळ म्हणजे जरा बघून घ्या. लाल ओळ म्हणजे हे दुरुस्त केल्याशिवाय मी काही पुढे जाऊ देणार नाही.

चुकाही गमतीच्या असत. एकदा एका बसने दोन थांब्यांमधलं अंतर ताशी नऊशे किलोमीटरने कापलं होतं. साहेब म्हणाले, "विमान खात्याला कळवा, त्यांचं गिऱ्हाईक चुकून आपल्याकडे आलंय." एकदा नकाशाचे आकडे उलटसुलट पडले आणि अख्खी भाजी मंडई भर समुद्रात जाऊन बसली. त्या दिवशी सगळा विभाग पोट धरून हसला होता. तीही हसली होती. ही नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच.

कारण ही नोकरी तिला नवऱ्याच्या जागी मिळाली होती.

तो याच खात्यात ड्रायव्हर होता. सहा वर्षांपूर्वी धुक्याच्या एका संध्याकाळी तळ्याकडची फेरी घेऊन निघाला. सहा दहाला आगारातून सुटला, सहा चौतीसला तळ्याच्या थांब्यावर पोहोचला. तिथे उतरलेल्या शेवटच्या प्रवाशाने नंतर तसं सांगितलं. पुढचा थांबा वसाहतीचा, तोच शेवटचा. तिथे तो सहा बावन्नला पोहोचायला हवा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी क्रेनने बस तळ्यातून वर काढली. काचा शाबूत, दार बंद, आणि ड्रायव्हरची सीट रिकामी. पाणबुडे आठ दिवस तळ ढवळत होते. तो सापडला नाही.

त्या दुपारी तो घरातून निघाला तेव्हा चार महिन्यांची चिमणी रडत होती. दारात उभं राहून तो म्हणाला, "येतो गं." रोजच म्हणायचा, आणि ती आतून "या" म्हणायची. त्या दिवशी लेकीच्या रडण्यापुढे तिला काही सुचलं नाही. त्याने क्षणभर वाट पाहिली असावी, कारण दार जरा उशिराच लागलं. गेलेल्या माणसाबद्दल लोकांच्या मनात मोठमोठ्या गोष्टी सलत राहतात. तिच्या मनात सहा वर्षं हा एवढासा "या" अडकून बसला होता.

घरात आता तिघीच. ती, चिमणी आणि सासूबाई. सासूबाईंच्या मोबाइलवर लेकाने स्वतःच्या हाताने बसचा नकाशा टाकून दिला होता. "आई, हा हिरवा ठिपका म्हणजे मी. तो आपल्या चौकात आला की जेवण गरम करायला घे." ठिपका आता येत नव्हता, पण संध्याकाळी सहाच्या सुमाराला सासूबाई चष्मा पुसून मोबाइल हातात घेत आणि बघत बसत. ती त्यांना कधी अडवत नसे. अडवायला तिला तोंड कुठे होतं?

त्या सोमवारी तिने नेहमीसारख्या फाइली एकत्र केल्या आणि प्रोग्राम चालवला. चहा घेऊन येईपर्यंत निकाल आला होता. पिवळ्या ओळी बावीस, लाल ओळ एक.

लाल ओळ म्हणत होती, 'शेवटच्या थांब्याची पोहोचण्याची वेळ रिकामी आहे.'

तिने फेरी उघडली. आगार, सहा दहा. तळ्याचा थांबा, सहा चौतीस. वसाहत... आणि पुढे काहीच नाही. रिकामी चौकट.

हातातला चहा तिने हळूच खाली ठेवला. अपघातानंतर तो रस्ता वळवला होता आणि तळ्याचा थांबा कायमचा बंद झाला होता. त्या मार्गाला आता नंबरसुद्धा नव्हता.

तिने फेरी पुसली आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. लाल ओळ एक.

चार वेळा पुसली. चारही वेळा ती परत आली.

मग तिने चष्म्याला बोलावलं; ऑफिसात सगळे त्याला याच नावाने हाक मारत. प्रोग्राम त्यानेच लिहिला होता. जाड भिंगांचा, बोलताना खांदे उडवणारा माणूस. तो तासभर तिच्या शेजारी बसला. आगारांच्या मूळ फाइली एकेक करून चाळल्या. शेवटी खुर्ची मागे सरकवून म्हणाला, "ताई, ही फेरी कुणी पाठवलेलीच नाही."

"मग येते कुठून?"

"सगळ्या फाइली एकत्र होईपर्यंत नसते. तपासणी सुरू झाली की असते." त्याने खांदे उडवायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. "प्रोग्राम माझा आहे हो. पण एवढं मात्र मी लिहिलेलं नाही."

"बाजूला ठेवता येईल?"

"येईल. लाल ओळ आहे तोवर ती बाहेर जाणारच नाही. ती वेळ रिकामी आहे तोवर काळजी नको." त्याने तिच्याकडे पाहिलं. तळ्याची गोष्ट खात्यात कुणाला माहीत नव्हती? "रिकामीच राहू द्या, ताई."

आठवडा तसाच गेला. ती रोज सकाळी फेरी उघडून बघायची. ती चौकट दिवसेंदिवस तिला वेगळीच दिसायला लागली. बाकीच्यांना तिथे चूक दिसत होती. तिला तिथे धुक्यात उभी असलेली बस दिसायची, इंजिन चालू, पुढे जायला परवानगी नाही. कुणीतरी एवढा आकडा लिहिला की पोहोचेल. पोहोचायचंच तर आहे बिचाऱ्याला.

शुक्रवारी दुपारी साहेब मीटिंगला गेले होते. चष्मा रजेवर होता. तिने फेरी उघडली आणि त्या चौकटीत आकडा भरला. सहा बावन्न.

प्रोग्राम चालवला. लाल ओळी शून्य.

तिने फाइल पुढे सोडली.

पाच वाजता चिमणीला शेजारच्या काकूंकडे ठेवून ती निघाली. सासूबाई घरात नव्हत्या. देवळात नाहीतर दवाखान्यात गेल्या असतील, असं तिने स्वतःला सांगितलं आणि जुन्या रस्त्याला लागली. डांबर उखडलं होतं, कडेचं गवत मधोमध आलं होतं. सूर्य बुडायच्या आधीच तळ्यावरून धुकं उठलं आणि रस्त्यावर पसरलं. चिखलाचा, शेवाळाचा वास होता. पाणी कुठे दिसत नव्हतं, पण काठाला लागल्याचा आवाज येत होता... चुबुक... चुबुक...

थांब्याचं छप्पर अजून उभं होतं. आणि बाकावर कुणीतरी बसलं होतं.

ती जागीच थांबली. मग त्या आकृतीने मान वळवली. सासूबाई होत्या. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून बाहेर डोकावणारा त्याचा राखाडी स्वेटर. हातातल्या मोबाइलचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता.

"आई... तुम्ही इथे कशा?"

"ठिपका आला," सासूबाई म्हणाल्या. सहा वर्षांत त्यांचा आवाज इतका हलका तिने ऐकला नव्हता. "दुपारपासून आगारात उभा होता. आता निघालाय. बघ."

नकाशावर, जिथे आता रस्ताच नव्हता तिथून, हिरवा ठिपका सरकत येत होता.

ती त्यांच्या शेजारी बसली. दोघी जणी एकाच माणसाची वाट बघत एका बाकावर बसल्या होत्या, आणि सहा वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदाच एकत्र केलं होतं. घरात एक स्वयंपाकघरात रडायची, दुसरी मोरीत. सासूबाईंनी तिचा हात हातात घेतला. त्यांचा हात गार होता.

"स्वेटर आणलाय," त्या म्हणाल्या. "धुक्यात त्याला लगेच खोकला होतो."

सहा चौतीसला धुक्यात दोन दिवे दिसले.

आवाज नव्हता. बस अगदी जवळ आली तेव्हा कुठे इंजिनची घरघर ऐकू आली, तीही खालून, पाण्याखालून यावी तशी. खिडक्यांच्या काचा आतून वाफेने पांढऱ्या झाल्या होत्या. बस थांब्यासमोर बरोबर उभी राहिली. तो नेहमी तशीच उभी करायचा, पायरी प्रवाशाच्या पायाशी येईल अशी. दार उघडलं आणि आतून थंडगार वाफ आली.

तो सीटवर होता. खाकी शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. सहा वर्षांत एका दिवसानेही मोठा झाला नव्हता. दोन्ही हात स्टेअरिंगवर, नजर समोर रस्त्यावर. स्टेअरिंगवरून पाणी ठिबकत होतं, आणि ते कुठून येतंय ते काही दिसत नव्हतं.

"अहो..." ती म्हणाली.

"किती दिवस उभा होतो गं," तो म्हणाला. नजर समोरच. "पुढे जाऊच देत नव्हते."

तिला वाटलं होतं की आपण ओरडू, किंवा पळू, किंवा बेशुद्ध पडू. तसलं काही झालं नाही. नवरा कामावरून परत आल्यावर बाई जशी उभी राहते तशीच ती उभी राहिली.

"पोरगी किती मोठी झाली?"

"सहा पूर्ण झाली. पहिलीत आहे." आणि मग, आईचा जीव, तिला राहवेना. "अक्षर तुमच्यासारखं आहे. तिरपं."

"कुठल्या शाळेत घातली?"

"मोठ्या रस्त्यावरच्या... घड्याळाच्या इमारतीसमोर."

त्याने मान डोलावली. एखादा नवा थांबा लक्षात ठेवावा तशी.

तिने पायरीवर पाय ठेवला. तिचं तिलाही कळलं नाही. दाराची दांडी बर्फासारखी होती. वर त्याचा चेहरा, कानामागचा तो तीळ, आठवड्याची दाढी. आणखी दोन पायऱ्या फक्त...

मागून तिच्या दंडाला घट्ट धरून कुणीतरी ओढलं. सासूबाईंच्या अंगात इतकं बळ होतं हे तिला माहीत नव्हतं.

"तू नाही."

"आई, मला..."

"चिमणीला कोण आहे?" सासूबाई तिच्या कानाशी पुटपुटल्या. "तुझी लेक काकूंकडे बसलीय. माझा लेक इथे बसलाय. ज्याचं त्याने बघावं." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "सहा वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलं? आता मागते. ठिपका तूच आणलास, एवढं कळतं मला. मी बसले की ही फेरी पुसून टाक. आज नाही तर उद्या तूसुद्धा चढशील, मला ठाऊक आहे. मीही बाईच आहे."

"नका हो, आई... नका जाऊ..."

सासूबाईंनी दांडी धरली. गुडघ्याने जरा दगा दिला.

"सांभाळून, आई," तो म्हणाला. "पायरी उंच आहे."

त्या आवाजात माया होती. सासूबाई वर चढल्या. त्याच्या मागच्याच सीटवर बसल्या आणि पिशवीतून स्वेटर काढून हळूच त्याच्या खांद्यांवर टाकला. खाली उभ्या सुनेकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

दार मिटायला लागलं. तेवढ्यात त्याने पहिल्यांदा मान वळवली. चेहरा त्याचाच होता. डोळ्यांत मात्र नुसतं धुकं होतं.

"येतो गं," तो म्हणाला.

आणि सहा वर्षं घशात अडकलेला तो शब्द, काही विचार करायच्या आत, तिच्या तोंडून निसटला.

"या. लवकर या."

दार मिटलं. बस निघाली. वळणावर मागचे लाल दिवे जरा वेळ दिसले, मग खाली खाली गेले, आणि पाणी काठाला लागत राहिलं... चुबुक... चुबुक...

पुढचं सगळं अशा वेळी जसं होतं तसंच झालं. तिने पोलिसांत सांगितलं की सासूबाई संध्याकाळी फिरायला म्हणून गेल्या आणि आल्या नाहीत. थांब्याच्या बाकावर त्यांचा मोबाइल सापडला. पाणबुडे पुन्हा आले, पुन्हा रिकाम्या हातांनी गेले. लोक म्हणाले, म्हातारीने लेकाचा फार ध्यास घेतला होता, शेवटी त्याच वाटेने गेली. तिने मान खाली घालून ऐकून घेतलं. लोक काही खोटं बोलत नव्हते.

त्या रात्रीनंतर लगेच, शनिवारी सकाळी ऑफिस उघडायच्या आधीच ती टेबलाशी जाऊन बसली होती. फेरी उघडली. शेवटच्या थांब्यासमोर सहा बावन्न लिहिलेलं होतं. म्हणजे पोहोचले असतील दोघं. वसाहतीत, किंवा जिथे कुठे पोहोचायचं असतं तिथे. पुसायच्या बटणावर बोट ठेवून ती पंधरा मिनिटं बसून राहिली. नवऱ्याला दुसऱ्यांदा घालवायचं, आणि यावेळी स्वतःच्या हाताने. मग तिने डोळे मिटले आणि बटण दाबलं.

यावेळी फेरी परत आली नाही. सोमवारी नाही, पुढच्या सोमवारीही नाही. चष्मा रजेवरून आल्यावर त्याने निकाल पाहिला, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आपल्या टेबलाकडे परत गेला. घरात चिमणी रोज एकदा विचारायची, आजी कधी येणार. ती म्हणायची, आजी बाबांकडे गेलीय. चिमणीला ते पटायचं. बाबांकडे कुणीतरी असायलाच हवं, असं ती म्हणायची.

दोन महिन्यांनी, उन्हाळी वेळापत्रकाच्या फाइली आल्या. लख्ख सकाळ होती. खिडकीतून ऊन थेट तिच्या टेबलावर येत होतं. तिने प्रोग्राम चालवला. लाल ओळ एकही नव्हती. पिवळी फक्त एक.

'नकाशावर नोंद नसलेला थांबा.'

फेरीला नंबर नव्हता. सुरुवात तळ्याच्या थांब्यावरून, बारा सहा. पुढचा थांबा, बारा तीस. थांब्याचं नाव, 'घड्याळाच्या इमारतीसमोर, शाळेची भिंत'. वेळा सगळ्या भरलेल्या, एकही चौकट रिकामी नाही. कुणीतरी नीट शिकून घेतलं होतं. आणि त्या थांब्यापुढे, लांब पल्ल्याच्या गाड्यांना कधीकधी असते तशी, एक सूचना होती.

'इथे फक्त चढता येईल. उतरता येणार नाही.'

तिने फेरी पुसली. घड्याळ पाहिलं. बाराला दहा कमी. पर्स तशीच टेबलावर टाकून ती जिने उतरली, रिक्षा मिळेना म्हणून धावतच सुटली. मोठ्या रस्त्यावर नेहमीची वर्दळ होती, हॉर्न होते, फळांच्या गाड्या होत्या, डोक्यावर ऊन तळपत होतं. ती शाळेशी पोहोचली तेव्हा सव्वाबारा झाले होते. पहिलीची मुलं सुटून फाटकाच्या आत आपापल्या आयांची वाट बघत होती. त्यांच्यात चिमणी नव्हती.

ती भिंतीकडे वळली.

भिंतीशी ना पाटी होती, ना छप्पर. नुसती सरळ लांब भिंत आणि तिच्या कडेचा रिकामा फुटपाथ. त्या फुटपाथवर, फाटकापासून बरीच दूर, चिमणी एकटी उभी होती. दप्तर पाठीला, पाण्याची बाटली गळ्यात. भर उन्हात उभी होती आणि रस्त्याच्या डाव्या टोकाकडे बघत होती.

"चिमणे!" तिने जाऊन तिला छातीशी धरलं. "इथे काय करतेस? फाटकातच थांबायचं असं सांगितलंय ना तुला?"

"हळू गं, आई," चिमणी दबक्या आवाजात म्हणाली. "धक्का लागेल त्यांना."

"कुणाला?"

"रांग आहे ना."

तिने वर पाहिलं. पुढे फुटपाथ रिकामा होता. मागेही रिकामा होता. उन्हात फरशी चमकत होती, एवढंच.

"चल, घरी जाऊ," ती म्हणाली आणि लेकीचा हात घट्ट धरला.

चिमणी हलली नाही. ती पुढे बघत होती, मोठ्या माणसांच्या पाठीआडून काही दिसावं म्हणून लहान मुलं बघतात तशी, मान वाकडी करून. मग तिने दप्तराचा पट्टा सारखा केला, मागच्याला जागा व्हावी म्हणून जरा बाजूला झाली, आणि एक पाऊल पुढे सरकली.